मोटारीचा पंप आणि विहिरीचें पाणी

मोटारीचा इतिहास सांगणारे लोक बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. कोणत्या सालीं कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, तिच्या इंजिनांत किती घोड्यांची शक्ति होती, कोणत्या शर्यतींत ती पहिली आली, हें सारें मोठ्या हौसेनें लिहिलें जातें. परंतु त्या इंजिनाची आग त्याच्याच अंगावर उलटूं नये म्हणून जें साधें पाणी रात्रंदिवस राबतें, त्याची आठवण मात्र गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहून वाफ सोडूं लागेपर्यंत कोणाला होत नाहीं. आज मी त्या पाण्याविषयीं आणि तें फिरविणाऱ्या एका लहानशा पंपाविषयीं बोलणार आहें.

विषय वरवर पाहतां निव्वळ कारागिराचा आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील एखाद्या घरीं जुनी अँबॅसिडर अजून आहे असें समजा. तिचा पाण्याचा पंप बिघडतो; नवा बसवितात. वर्ष होत नाहीं तों तोही गळूं लागतो. मग तिसरा आणतात. दुकानदार म्हणतो, बसविणाराचा दोष. कारागीर म्हणतो, माल खोटा. शेजारी म्हणतात, गाडी म्हातारी झाली, आतां भंगारांत द्या. तीन पंपांचे पैसे गेले ते गेलेच. पण घरांतील आजारी माणसाला घेऊन सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे निघालेली गाडी भर मे महिन्यांत कळंबच्या पुढें उभी राहिली तर काय, ही धास्ती त्या घराला कायमची लागते. पुष्कळ चांगल्या गाड्या अशा धास्तीपायीं मोडींत गेल्या आहेत. माझें म्हणणें एवढेंच कीं, एक पंप जाणें हा अपघात असेल. एकाच गाडींत तीन पंप जाणें हा अपघात नव्हे. तेथें पंप हा गुन्हेगार नसून बळी असतो, आणि गुन्हेगार अजून गाडींतच बसलेला असतो. मोटेचा नाडा पुनःपुन्हा एकाच जागीं तुटूं लागला तर आपला शेतकरी नाडेवाल्याशीं भांडत बसत नाहीं. तो आधीं वरचें चाक पाहतो.

हें चाक कोठें शोधावें, हें कळण्यासाठीं जरा मागें जावें लागेल.

इंग्रजी अंमलांत पूर्वीं वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि १९०५ सालापासून यवतमाळ हें नांव धारण केलेल्या या मुलखाला इंजिन ठाऊक झालें तें मोटारीमुळें नव्हे. सरकी काढणाऱ्या जिनांत वाफेचें इंजिन आलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीची अडीच फुटी रुळांची गाडी मूर्तिजापुराहून येथपर्यंत आली. तिला पुढें लोक लाडानें ‘शकुंतला’ म्हणूं लागले. सुमारें ११३ किलोमीटरांचा हा मार्ग मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठीं होता. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें एक वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षें, तिला ओढीत होतें. त्यानंतर डिझेलचें इंजिन जोडण्यांत आलें.

सत्तर वर्षें टिकण्याचें रहस्य पोलादांत होतें तितकेंच पाण्याविषयींच्या धाकांत होतें. वाफेच्या इंजिनाचा मनुष्य पहिल्यानें विचारी तें, ‘पाणी कोठलें?’ जड पाणी बॉयलरमध्यें गेलें कीं आंत चुन्याचें पूट चढतें, त्या पुटामुळें पत्रा भलता तापतो, आणि मग जें व्हावयाचें तें होतें. म्हणून ठराविक मुदतीनें बॉयलर थंड करून आंतला गाळ व चुना धुऊन काढल्यावांचून इंजिन कामाला लावावयाचें नाहीं, असा आगगाडीचा सर्वत्र दंडक असे. मोटार आली आणि हा धाक गेला. मोटारींतील पाणी गाडी ओढीत नाहीं. तें केवळ उष्णता उचलतें व वाऱ्याच्या स्वाधीन करतें. त्यामुळें कोणतेंही पाणी चालेल अशी समजूत रूढ झाली. माझ्या मतें आपल्या सर्व घोटाळ्याचें मूळ या एका समजुतींत आहे.

कारण पाणी सगळीकडे सारखें नसतें. या जिल्ह्याचा बराच भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. वणीच्या बाजूला दगडी कोळसा आहे, चुनखडक आहे, आणि मुकुटबनला सिमेंटचा कारखाना निघाला तो त्या चुनखडकाच्याच जोरावर. अशा खडकांत मुरलेलें पाणी विहिरींतून किंवा कूपनलिकेंतून वर येतें तें कमीअधिक चुना घेऊनच. घरांतील स्त्रियांना हें शास्त्रज्ञांच्या आधीं ठाऊक असतें. अमुक विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, बंबाच्या तळाशीं पांढरी खपली धरते, हें त्या बिनचूक सांगतात. मोटारीचें इंजिन हा दुसरा बंबच आहे. फरक इतकाच कीं, त्याच्या तळाशीं हात घालून खपली काढतां येत नाहीं.

आतां मोटारीकडे वळूं. १८८६ सालीं कार्ल बेंझ यांनीं जी तीनचाकी गाडी जगापुढें मांडली तिला पंपही नव्हता आणि आज आपण म्हणतों तसा रेडिएटरही नव्हता. पाणी इंजिनाभोंवतीं तापे आणि वाफ होऊन निघून जाई. १८८८ च्या ऑगस्टांत त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटर त्या धर्तीच्या गाडींतून गेल्या, तेव्हां वाटेंत ठिकठिकाणीं थांबून पाणी भरावें लागलें. लांबच्या पल्ल्याच्या त्या पहिल्या प्रवासांतही पेट्रोलाहून पाण्याचीच चिंता अधिक होती, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पुढें १९०० च्या अखेरीस विल्हेल्म मायबाख यांनीं मर्सिडीज गाडीसाठीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला. त्यांत सहा-सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधील बारीक फटींतून पाणी. पूर्वीं लागे त्याच्या निम्मेंच, म्हणजे नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. युक्ति अजोड होती यांत शंका नाहीं. पण जेथें वाट अरुंद झाली तेथें ती बुजण्याचीही सोय झाली, हेंही त्याच वेळीं घडलें.

पंपाचा इतिहास तर याहून मौजेचा आहे. फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ सालीं निघाली. तिच्या पहिल्या सुमारें २,५०० गाड्यांना पाण्याचा पंप होता. मग फोर्डनें तो काढूनच टाकला! तापलेलें पाणी हलकें होऊन वर जातें, थंड झालेलें जड होऊन खालीं येतें, या निसर्गनियमावरच काम भागवावयाचें त्यानें ठरविलें. आणि १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या त्याच पद्धतीवर निघाल्या. जो पंप नाहींच तो बिघडणारही नाहीं, हा हिशेब अगदीं शेतकऱ्याच्या पद्धतीचा होता. पण त्यासाठीं रेडिएटर उंच हवा, पाण्याच्या वाटा रुंद हव्या आणि इंजिन बेताचें हवें. इंजिनें जोरकस होऊं लागलीं, त्यांवरील झांकणें बसकीं होऊं लागलीं, आणि १९२७ च्या अखेरीस मॉडेल ए गाडी आली तेव्हां पंप परत आला. त्या काळीं पंपाच्या दांड्याभोंवतीं दोरीसारखें भरण भरून वरून नट आवळीत. थेंब पडूं लागला कीं मालकानें नट किंचित् पिळावा, असा रिवाज होता. पंप थोडाफार गळणारच, हें सर्वांनीं मान्य केलेलें होतें.

१९३२ सालीं त्याच कारखान्याची आठ नळकांड्यांची प्रसिद्ध गाडी आली आणि ती तापण्याबद्दल कुप्रसिद्धही झाली. तिचे दोन पंप इंजिनाच्या माथ्यावर बसविले होते. म्हणजे इंजिनांतून उकळीला आलेलें पाणी ओढून घेण्याचें काम त्यांच्याकडे होतें. १९३७ सालीं ते खालीं आणून थंड झालेलें पाणी इंजिनांत ढकलण्यास लावले, तेव्हां पुष्कळ सुधारणा झाली. येथें एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवण्यासारखी आहे: पंपाला थंड पाणी ढकलणें सोपें जातें, उकळतें पाणी ओढणें जड जातें. उकळीच्या जवळ असलेलें पाणी जोरानें ओढलें कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढें दाब वाढतांच ते फुटून पंपाच्या पात्यांवर आपटतात. जहाजांच्या पंख्यांनाही अशाच रीतीनें खड्डे पडतात. अशा बुडबुड्याच्या कोसळण्याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडलें. एवढ्याशा बुडबुड्यानें ओतीव लोखंड खावें हें कोणाला खरें वाटणार नाहीं, पण जुना पंप उघडून पाहिला तर खात्री पटते.

आपल्या देशांत गाड्या बनविण्याचा खटाटोप दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सुरू झाला. १९४२ सालीं हिंदुस्थान मोटर्स, १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. अँबॅसिडर १९५७ सालीं आली आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. तिचें १,४८९ घन सेंटिमीटरचें पेट्रोल इंजिन मुळांत इंग्लंडांतल्या हवेसाठीं योजलेलें. त्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांप्रमाणें तिच्या पंपाच्याच दांड्यावर पुढें पंखा बसविलेला असतो, आणि एकच पट्टा पंप, पंखा व वीज तयार करणारा डायनामो या तिघांना फिरवितो. एका बैलाला तीन जोखडें, असाच हा संसार आहे. या तिघांपैकीं कोणाचेंही दुखणें पंपाच्या माथीं येतें.

पंपाच्या पोटांत चारच मुख्य वस्तु असतात: पाणी ढकलणारें पात्यांचें चक्र, तो दांडा, दांड्याला धरणारें बेअरिंग, आणि पाणी व बेअरिंग यांच्यामध्यें बसलेलें सील. पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलें असतें. सील झिजलें कीं पाणी बेअरिंगमध्यें न शिरतां त्या भोकावाटे बाहेर पडावें आणि मालकाला सूचना मिळावी, ही त्यामागील योजना. कित्येक शहाणे तें भोकच लांबीनें बुजवून टाकतात. ही म्हणजे चोर आल्याची वर्दी देणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधण्यासारखी गोष्ट झाली. पाणी मग बेअरिंगमध्यें जातें, त्यांतील ग्रीस धुऊन जातें, आणि जो पंप अजून महिनाभर चालला असता तो आठवड्यांत मोडतो.

तीन पंप गेले असतील तर माझी पहिली विनंति ही कीं, जुने पंप भंगारवाल्याला देऊं नका. ते तीन साक्षीदार आहेत. तिघांना टेबलावर शेजारीं-शेजारीं ठेवावें आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: आधीं काय गेलें?

बेअरिंग आधीं गेलें असेल, म्हणजे दांडा हातानें हलतो, गरगर आवाज येत होता, पण भोक कोरडें आहे, तर दोष पाण्यांत नाहीं. तो बाहेर आहे. पट्टा फार ताणलेला असेल, पट्ट्याच्या पुल्या एका रेषेंत नसतील, किंवा पंख्याचें एखादें पातें वांकून तो हेलकावे घेत असेल. यांतील पट्ट्याची कथा तर नेहमींची आहे. बॅटरी नीट भरत नाहीं म्हणून मालक तक्रार करतो. कारागीर डायनामो मागें ओढून पट्टा घट्ट करतो. दिवे लख्ख लागतात आणि सर्वांचें समाधान होतें. तो सारा ताण रात्रंदिवस पंपाच्या बेअरिंगवर पडतो हें कोणाच्या गांवींही नसतें. सहा महिन्यांनीं पंप जातो तेव्हां दिव्यांची गोष्ट कोणाला आठवत नाहीं. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानें दाबल्यावर पट्टा सुमारें अर्धा इंच दबावा, हें जुनें माप अजून खरें आहे. दिवे मंद लागत असतील तर डायनामोवर उपाय करावा, पंपाच्या मानेवर नव्हे.

पात्यांना खड्डे पडले असतील किंवा त्यांचे कांठ कुरतडल्यासारखे दिसत असतील, तर बुडबुड्यांचें प्रकरण आहे असें समजावें. पंपाला पाणी पुरेसें मिळत नाहीं. रेडिएटर आंतून बुजला आहे, खालची रबरी नळी जुनी होऊन ओढीसरशी चपटी होते, किंवा रेडिएटरच्या झांकणाची स्प्रिंग ढिली पडली आहे. या झांकणाला लोक फार हलकें समजतात. दर चौरस इंचास सात पौंड दाब आंत राहिला तर पाणी सुमारें १११ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाहीं. झांकण निकामी असेल तर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंचीवरच्या यवतमाळांत तें शंभराच्याही थोडें अलीकडेच उकळेल. बाहेर ४४-४५ अंशांचा उन्हाळा असतांना हे बारा-तेरा अंश म्हणजे घरीं पोंचणें आणि न पोंचणें यांतील अंतर होय.

इंजिन नुकतेंच सुरू केलें असतां रेडिएटरच्या तोंडाशीं एकसारखे बुडबुडे येत असतील आणि वरची नळी थोड्याच वेळांत दगडासारखी कठीण होत असेल, तर दुखणें याहूनही खोल आहे. इंजिनाच्या माथ्याखालचें गॅस्केट फुटून जळलेला वायु पाण्यांत शिरत आहे. तेथें दहा पंप बदलले तरी व्यर्थ.

आणि सील आधीं गेलें असेल, त्याच्या गुळगुळीत तोंडावर चरे पडले असतील, आंत पांढरा-तांबूस गाळ चिकटला असेल, तर मात्र आपण पुन्हा विहिरीपाशीं येऊन पोंचलों. आमच्या मुलखांत हेंच अधिक घडावें असें पाण्याचा स्वभाव पाहतां वाटतें. आणि पंप पुनःपुन्हा कां जातो याचें उत्तरही येथेंच आहे. जड पाण्यांत विरघळलेला चुना उष्णतेनें बाहेर पडतो. सीलची दोन तोंडें एकमेकांवर आरशासारखीं घांसत असतात. त्यांच्यामध्यें चुन्याचा व गंजाचा कण सांपडला कीं तोच कानस होतो. सील जरासें गळूं लागतें. गळतें म्हणून मालक रोज सकाळीं पाणी भरतो. रोज नवें पाणी म्हणजे रोज नवा चुना. चुन्यानें सील अधिक गळतें, म्हणून तो अधिक पाणी भरतो.

थोडा हिशेब करून पाहूं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय प्रमाणांत लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा इष्ट मानला आहे, आणि दुसरें पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असें म्हटलें आहे. मध्यें ४०० धरूं. एकदां भरलेल्या आठ लिटर पाण्यांत चुना आला जेमतेम तीन ग्रॅम. तेवढ्यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु रोज दोन लिटर याप्रमाणें तीनशें दिवस पाणी घातलें तर सहाशें लिटर झालें, आणि त्याबरोबर इंजिनांत गेला २४० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाव किलो चुना. त्यांतील कांहीं गळतीबरोबर बाहेर पडेल, कांहीं विरघळलेलाच राहील. अर्धाच आंत राहिला असें मानलें तरी मायबाखच्या त्या बारीक फटी बुजविण्यास तो पुरे आहे. पाणी वाफ होऊन गेलें असेल तर हिशेब याहून वाईट. वाफ आपला सगळा चुना मागें ठेवून जाते. अशा इंजिनांत नवा पंप बसविला म्हणजे नवें सील जुन्या गाळाच्या तोंडीं दिलें. तें वर्षभर टिकलें तर त्याचें कौतुकच केलें पाहिजे.

२०१८ सालच्या उन्हाळ्यासारखी पाणीटंचाई आली कीं यांत भर पडते. निळोणा आणि चापडोह हे तलाव आटले कीं घरोघरीं टँकरचें किंवा कूपनलिकेचें पाणी येतें, आणि जें पिंपांत पडतें तेंच मोटारींतही पडतें. माणसांनाच पाणी नाहीं तेथें मोटारीसाठीं निराळें पाणी कोठून आणावें, असें कोणी म्हणेल तर त्याला मी दोष देणार नाहीं. पण गळका पंप रोज दोन लिटर पितो, आणि निकोप गाडी महिनोन्महिने एक पेलाही मागत नाहीं, एवढें तरी टंचाईच्या दिवसांत ध्यानांत घ्यावें.

म्हणून चौथा पंप बसविण्यापूर्वीं इंजिन व रेडिएटर दोन्ही उलट्या दिशेनें पाणी सोडून धुवावे. रेडिएटर फार भरला असेल तर तो उतरवून कारागिराकडून आंतून साफ करवावा. नळ्या व झांकण नवें घ्यावें. ही किंमत पंपाच्या मानानें किरकोळ असते. मग जें पाणी भरावयाचें तें बॅटरीसाठीं मिळतें तसें शुद्ध पाणी असावें, आणि त्यांत ग्लायकॉलचें तयार मिश्रण घालावें. हें द्रव्य थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून १९२७ च्या सुमारास मोटारींत आलें, त्यामुळें आपल्याकडे तें अनावश्यक समजतात. पण त्याबरोबर गंज रोखणारीं द्रव्येंही असतात, आणि निम्मेंनिम्म मिश्रण पाण्याहून कांहीं अंश उशिरां उकळतें. आपल्याला त्याचा उपयोग आहे तो यासाठीं. जुन्या इंजिनाला तें नव्यानें घातल्यावर पहिल्या महिन्यांत साठलेला गाळ सुटून येतो. तेव्हां एकदां तें ओतून पुन्हा भरण्याची तयारी ठेवावी.

हा खर्च जमत नसेल तर जुना उपाय आहेच. मोटारी नव्या होत्या तेव्हां मालकांना पावसाचें पाणी वापरण्याचा सल्ला देत, आणि तो रसायनशास्त्राला धरून होता. आकाशांतून पडणाऱ्या पाण्याला खडकाचा स्पर्शच झालेला नसतो. मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी छपरावरची धूळ वाहून नेऊं द्याव्या. त्यानंतर पागोळीखालीं स्वच्छ भांडें ठेवून जें पाणी सांपडेल तें दुहेरी फडक्यांतून गाळून कांचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरण्यांत झांकून ठेवावें. वीस लिटर पुरे आहेत: आठ एकदां भरण्यास, आठ धुऊन पुन्हा भरण्यास, आणि उरलेलें गाडीच्या मागच्या पेटींत, उन्हाळ्यासाठीं.